ठिगळ लावा, पण सांगून लावा

संध्याकाळी एसटी स्टँडच्या बाकावर, पारावर किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर चार-पाच मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली आपण रोज पाहतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत हे चित्र सारखेच. मोठी माणसे जाता जाता एक वाक्य टाकतात, 'पोरे वाया गेली.' ती वाया गेली की नाही, या वादात आज शिरायचे नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविषयीही बोलायचे नाही. त्यांवर बंदी घालणारा कायदा केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. आज बोलायचे आहे ते या मुलांच्या एका तक्रारीविषयी. 'अपडेट आला, खेळ बिघडला, आणि कंपनी काही सांगतच नाही,' असे ती चिडून म्हणतात. आपल्याला वाटते, खेळच तो, त्यात एवढे काय चिडायचे? पण तक्रार नीट ऐकून घेतली, तर ती आपल्या चांगल्या ओळखीची निघते.

आधी 'पॅच' म्हणजे काय ते पाहू. पॅच म्हणजे ठिगळ. संगणकाच्या सुरुवातीच्या काळात यंत्राला द्यायच्या सूचना कागदी पट्टीवर भोके पाडून लिहीत. एखादे भोक चुकीच्या जागी पडले की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवत. ते खरोखरचे ठिगळच होते. कागदी पट्टी गेली, शब्द तेवढा राहिला. आज खेळ लोकांच्या हाती गेल्यावर त्यातल्या चुका दुरुस्त करणारा किंवा नवे काही जोडणारा जो भाग इंटरनेटवरून फोनमध्ये उतरतो, त्याला पॅच म्हणतात. काय काय बदलले याची यादी सोबत देण्याची पद्धत आहे. ती यादी म्हणजे 'पॅच नोट्स'.

पूर्वी सीडीवर घेतलेला खेळ बहुधा घेतला तसाच राहत असे. आताचे बरेचसे खेळ कंपनीच्या सर्व्हरवर चालतात आणि ते कधी पुरे होतच नाहीत. कोणत्या बंदुकीचा मार किती, कोणत्या पात्राचा वेग किती, हे सारे आकडे कंपनीच्या हातात असतात. एखादे हत्यार फार प्रभावी ठरले की सगळे तेच उचलतात आणि खेळाची मजा जाते. मग कंपनी त्याची धार बोथट करते. याला खेळाडू 'नर्फ' म्हणतात. फोमच्या मऊ गोळ्या उडवणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांच्या नावावरून हा शब्द आला. असे बदल आवश्यकच असतात. खरे दुखणे सुरू होते ते बदल केला आणि यादीत लिहिला नाही, तेव्हा.

कल्पना करा. वाडिया पार्कच्या मैदानावर कबड्डीची बोनस रेषा कोणी रात्रीतून वीतभर पुढे सरकवली आणि संघांना सांगितलेच नाही. चढाईला गेलेला गडी नेहमीच्या अंदाजाने पाय टाकणार आणि गुण हुकणार. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा हुकला. तो रेषेवर संशय घेणार नाही, स्वतःच्या पायावर घेईल. घरी जाऊन जास्त सराव करील, आणि तोही चुकीच्या अंदाजाचा. मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाचे नेमके हेच होते. महिनोन्‌महिने घालून त्याने हाताला एक सवय लावलेली असते. न सांगता केलेला बदल त्याला कोड्यात टाकतो, हात चुकला की खेळ बदलला? माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास डळमळणे ही क्षुल्लक गोष्ट नाही, मग तो हात नांगरावर असो, शिलाई यंत्रावर असो की मोबाइलच्या काचेवर.

आपल्याकडे फाटलेल्या कपड्याला दोन उपाय आहेत, ठिगळ आणि रफू. ठिगळ दिसते. रफूगराचे सगळे कसब, काम दिसू नये यात असते. कपड्याला रफू चालते, कारण कोणता धागा बदलला हे अंगात घालणाऱ्याला कळण्याची गरज नसते. खेळणाऱ्याला ती असते. म्हणून खेळाला दिसणारे ठिगळच बरे.

न सांगण्याचे मोठे उदाहरण आपल्या देशात २०२२ साली घडले. तो पॅच नव्हता, अख्खा खेळच दुकानातून उचलला गेला होता. पण प्रश्न तोच होता. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. पुढे क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने जुलै २०२१ मध्ये भारतासाठी 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' म्हणजे बीजीएमआय आणला. वर्षभरात १० कोटी लोकांनी नोंदणी केल्याचे कंपनीने जाहीर केले. आणि २८ जुलै २०२२ रोजी तो गुगल आणि अ‍ॅपल या दोघांच्याही दुकानांतून नाहीसा झाला. ज्यांच्या फोनवर होता त्यांचा चालत राहिला, नव्याने मात्र घेता येईना. सरकारी आदेश आला आहे, एवढे गुगलने सांगितले. अधिकाऱ्यांशी बोलणे चालू आहे, असे कंपनी सांगत होती. परत केव्हा येणार, येणार की नाही, हे कोणी सांगेना. असे दहा महिने गेले. या खेळाच्या स्पर्धांवर ज्यांनी आपले भवितव्य बांधले होते, त्या तरुणांनी ते अंदाजांवर आणि अफवांवर काढले. मे २०२३ मध्ये खेळ परतला, तेव्हा मात्र आधी सांगितले गेले. परवानगी तीन महिन्यांच्या चाचणीपुरती आहे, आणि १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला तीनच तास खेळता येईल. अटी आवडोत न आवडोत, त्या माहीत होत्या.

हा फरक नगरकरांना समजावून सांगावा लागू नये. मुळा, भंडारदरा किंवा कुकडीचे आवर्तन कधी सुटणार, हा प्रश्न आपल्याकडे घराघरांत विचारला जातो. पाणी दहा दिवस उशिरा येणार असे वेळेवर कळले, तर शेतकरी त्या बेताने पिकाचे पाहतो. तारीखच कळली नाही, तर तो रोज कालव्याकडे चकरा मारतो. उशीर सोसता येतो. अंधारात उभे राहणे सोसत नाही.

मग कंपन्या गप्प का बसतात? त्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. दोष का आहे, हेच कधी कधी त्यांना अजून सापडलेले नसते. फसवून खेळणाऱ्यांची वाट कशी बंद केली हे सविस्तर सांगावे, तर तेच लोक नवी वाट शोधतात. आणि तारीख दिली अन् चुकली, तर शिव्यांचा पाऊस पडतो. 'नो मॅन्स स्काय' हा ब्रिटनमधला खेळ २०१६ साली जूनऐवजी ऑगस्टला येणार असे जाहीर होताच त्याच्या प्रमुखाला, शॉन मरे यांना, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. असे वागणाऱ्याला उत्तर मागण्याचा हक्क उरत नाही, हे आपल्या मुलांनाही सांगायला हवे.

पण याच खेळाची पुढची गोष्ट पाहा. खेळ आला, लोकांना ज्या गोष्टींची आशा दाखवली होती त्यातल्या कित्येक त्यात नव्हत्या. लोक संतापले आणि कंपनीने तोंड मिटून घेतले. गप्प राहून तिने काम केले, नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिली मोठी भर घातली, नंतर वर्षानुवर्षे घालत राहिली. गेलेला विश्वास परत आला, पण स्टीम या दुकानावरचा तिचा एकूण शेरा 'अतिशय चांगला' व्हायला २०२४ साल उजाडले. म्हणजे आठ वर्षे. याउलट जपानचा 'फायनल फँटसी फोर्टीन' २०१० साली आला तो फसलेलाच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली, महिन्याची वर्गणी घेणे थांबवले आणि नवा निर्माता नेमला. नाओकी योशिदा त्यांचे नाव. ते खेळाडूंना पत्रे लिहीत राहिले. काय मोडले आहे, काय करतो आहोत, याचा हिशेब देत राहिले. ऑगस्ट २०१३ मध्ये खेळ नव्याने उभा राहिला. काम दोघांनीही केले. एकाने सांगत सांगत केले, म्हणून लोक सोबत थांबले.

चांगल्या सूचनेला फार काही लागत नाही. दोष आम्हाला कळला आहे. तो असा आहे. त्यावर हे करतो आहोत. आणि अमुक दिवशी, काही नवे नसले तरी, पुन्हा बोलू. बदल केल्यावर तो का केला तेही लिहावे. 'लीग ऑफ लेजंड्स' या खेळाच्या यादीत बदलाशेजारी त्याचे कारणही देतात. पॅच किती एमबीचा आहे हे तर आधी सांगावेच. ज्याचा रोजचा डेटा दीड जीबी आहे, त्या गावाकडच्या मुलाला हा आकडा बंदुकीच्या ताकदीइतकाच महत्त्वाचा असतो.

आणि सांगायचे ते कळेल अशा भाषेत. आता खेळ बनवणारे परदेशातच आहेत असेही नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला 'इंडस' हा खेळ पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीचा आहे. पुणे आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत. दहा ओळींची सूचना मराठीत लिहिणे कोणालाच जड जाऊ नये. पाथर्डी-शेवगावचा मुलगा इंग्रजी यादीतले आकडे तेवढे ओळखतो आणि बाकीचे मित्राच्या तोंडून ऐकतो. अर्धवट कळलेल्यातूनच अफवा जन्मते.

तेव्हा घरातला मुलगा 'अपडेटने वाट लावली' म्हणत आदळआपट करू लागला, तर लगेच फोन हिसकावू नका. काय बदलले, असे त्याला एकदा विचारा. त्याला कोणी सांगितलेले नसेल कदाचित. पण कोणीतरी विचारले, एवढे तरी होईल.