खुराड्याची राखण
परसातल्या कोंबड्यांवर मुंगूस, घार आणि शिक्रा दिवसा झडप घालतात. कोल्हा, खोकड व रानमांजर बहुधा अंधार पडल्यावर येतात. त्यामुळे दिवेलागणीपूर्वी खुराडे बंद करणे हा पहिला उपाय. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्रा-कोल्हा ती दातांनी फाडतो. तिच्याऐवजी अर्ध्या इंचाच्या छिद्रांची भक्कम वेल्डमेश लावावी आणि उकरून शिरणाऱ्यांसाठी ती फूटभर जमिनीत गाडावी. लहान पिल्ले डालग्याखाली झाकावीत. अंडी रोज उचलावीत. सांडलेले धान्य उंदरांना आणि त्यांच्यामागे सापांना बोलावते, म्हणून तेही झाडून घ्यावे. कोल्हा, मुंगूस यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांच्यासाठी विष किंवा फास लावणे गुन्हा ठरतो.