एका घराच्या पैशात पंधरा घरं!

अमेरिकेतल्या चर्चचे गट सुट्टीत आठवडा-दोन आठवडे परदेशात सेवेला जातात, ती 'मिशन ट्रिप'. जाऊन आलेले भारावून बोलतात. या विषयावर हाती लागेल ते मी वाचतो. त्यात सगळ्यात हलवलं ते समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांच्या अभ्यासानं.

१९९८ मध्ये मिच चक्रीवादळानं होंडुरासची दैना केली. उत्तर अमेरिकेतून गट आले, त्यांनी घरं बांधली. प्रवासखर्च धरून एक घर साधारण ३०,००० डॉलरला पडलं. तिथल्या ख्रिस्ती संस्था घर बांधत होत्या सुमारे २,००० डॉलरमध्ये! घर परक्यांनी बांधलं की गावकऱ्यांनी, यावरून राहणाऱ्यांच्या आयुष्यात खास फरक पडला नाही. जाऊन आलेले म्हणाले, आता आम्ही जास्त दान देतो. पण नोंदी तपासल्या तर फारशी वाढ दिसेना.

तरी मी ट्रिपच्या विरोधात नाही. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर जरूर जावा. भिंती रंगवायला मात्र विमान कशाला?

तुमच्या मंडळीतून कोणी निघणार असेल, तर तिकिटं काढण्याआधी तिथल्या पाळकांना एवढं विचारा: माणसं हवीत की पैसे?