घरची मोटार आणि शर्यतीचा वेग

सांवेर हे गाव इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. इंदूरच्या दुसऱ्या अंगास, नैर्ऋत्येकडे, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे वाहनांच्या चाचणीसाठी उभारलेले नॅट्रॅक्स हे राष्ट्रीय केंद्र आहे. सुमारे १,००० एकर क्षेत्रावर पसरलेल्या या केंद्रातील ११.३ कि.मी. लांबीच्या व १६ मीटर रुंदीच्या अतिवेग चाचणीमार्गाचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योगमंत्री श्री. प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झाले. आशियातील सर्वांत लांब असा त्याचा त्या वेळी उल्लेख करण्यात आला. तेव्हापासून तेथील भरधाव मोटारींची चित्रे मोबाईलवर घरोघरी पोहोचली असून आपल्या घरची मोटारही अशा मार्गावर एकदा पळवून पाहावी, अशी इच्छा तरुणांच्या मनात उत्पन्न होऊ लागली आहे. या इच्छेत गैर काही नाही. तथापि तिची किंमत काय पडते, याची माहिती फारच थोड्यांना असते. ती येथे देण्याचे योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की पीथमपूरचा मार्ग हा शर्यतीचा मार्ग नव्हे. वाहनांचा कमाल वेग, इंधनाचा खप, धूर, टिकाऊपणा इत्यादी गोष्टी मोजण्यासाठी तो बांधलेला आहे. त्याच्या वळणांची बाहेरील बाजू उंच केलेली आहे, आणि तो उतार ताशी २५० कि.मी. वेगाचा हिशेब धरून दिलेला आहे. त्या वेगाने वळण घेताना गाडी बाहेर फेकली जात नाही की आत घसरत नाही. तिचा सारा भार सरळ चाकांवर येतो. म्हणूनच चित्रात ती गाडी रुळावरून धावावी तशी शांतपणे वळताना दिसते. प्रेक्षकाचा समज होतो की ही करामत गाडीची वा चालकाची आहे. खरे पाहता त्यातील मोठा वाटा जमिनीच्या उताराचा असतो.

शर्यतीचे मार्ग निराळे. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा सुमारे ५.१ कि.मी. लांबीचा मार्ग असून तेथे २०११ ते २०१३ या तीन वर्षी फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे सुमारे ३.७ कि.मी. लांबीचा, तर कोइंबतूरजवळ २.१ कि.मी. लांबीचा कारी मोटर स्पीडवे असे आणखी दोन मार्ग आहेत. यांवरील वळणे बहुतांशी सपाट, आखूड आणि एकामागून एक येणारी असतात. शर्यत नसेल त्या दिवशी शुल्क भरून हौशी चालकांना स्वतःची गाडी चालविण्याची संधी अशा मार्गांवर वेळोवेळी देण्यात येते. अशा वेळी घडते असे की, सांवेर, इंदूर वा पुण्याचा गृहस्थ शेकडो किलोमीटर गाडी हाकून तेथे जातो, दिवसभर ती पिटाळतो आणि त्याच गाडीत बसून, त्याच टायरांवर व त्याच ब्रेकांवर घरी परततो. धोक्याचा अर्धा भाग या परतीच्या प्रवासात दडलेला असतो, आणि त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही.

वेगाची हौस इंदूरला नवी नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३६ च्या सुमारास ड्युसेनबर्ग कंपनीची एसजे जातीची मोटार सिद्ध झाली होती व तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी चढविला होता. पण अशी मोटार खास वेगासाठीच घडविलेली असे. तीत बसून कोणी बाजारहाट करीत नसे. ग्रामीण वाचकांस हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शंकरपटात धावणारी बैलजोडी कोणी दुसऱ्या दिवशी नांगराला जुंपत नाही, आणि नांगराची जोडी पटात सोडली तर तिचे काय होईल हे शेतकरी जाणतो. मोटारीच्या बाबतीत मात्र एकाच जोडीकडून दोन्ही कामे करून घेण्याचा मोह होतो.

आता वेग म्हणजे काय ते पाहू. वेग दुप्पट झाला की गाडीतील ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला की नऊपट होते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारी मोटार ब्रेक पूर्ण दाबल्यावर सुमारे २० मीटरमध्ये थांबत असेल, तर ताशी १२० ला तिला ८० मीटर आणि ताशी १८० ला १८० मीटर लागतात. यात चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे अंतर धरलेले नाही. तो एक क्षण गेला, तर ताशी १८० च्या वेगाने गाडी आणखी ५० मीटर पुढे गेलेली असते. विज्ञानाच्या शिक्षकांस हे गणित फळ्यावर सहज मांडून दाखविता येईल. गावातील एखाद्या ओळखीच्या रस्त्यावर ही अंतरे पावलांनी मोजून दाखविली, तर विद्यार्थ्यांच्या मनावर अधिक ठसेल.

ही ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. १,२०० किलो वजनाची मोटार ताशी १४४ कि.मी. वेगावरून थांबविली, तर सुमारे ९६० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तीन लिटर थंड पाण्याला उकळी आणण्यास पुरेल एवढी ही उष्णता, आणि ती चार-सहा सेकंदांत, मुख्यतः पुढच्या दोन चाकांच्या लोखंडी डिस्कमध्ये शिरते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो व मध्ये डिस्क निवण्यास वेळ मिळतो. शर्यतीच्या मार्गावर प्रत्येक मोठ्या वळणापाशी, दर फेरीत, पुन्हा पुन्हा ब्रेक लावावे लागतात. डिस्क कित्येक शे अंश तापते. घरगुती गाडीचे ब्रेक पॅड एवढ्या उष्णतेसाठी केलेले नसतात. त्यांची पकड सुटू लागते. पायाखाली पेडल घट्ट असते, पण गाडी थांबत नाही.

याहून वाईट प्रकार ब्रेक ऑईलचा. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ज्या गाडीचे ब्रेक ऑईल कित्येक वर्षांत बदलले नाही, ती गावातून इंदूरला रोज विनातक्रार जाते-येते. मात्र शर्यतमार्गावर चार-पाच फेऱ्यांतच तिच्या नळ्यांत तेल उकळून वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल एकाएकी जमिनीला टेकते आणि ब्रेक मुळीच लागत नाहीत. त्या वेळी पुढे वळण असते.

टायरांकडे तर बहुतेकांचे लक्षच नसते. टायरच्या बाजूवर आकारमानाच्या अंकांपुढे एक इंग्रजी अक्षर छापलेले असते. एस म्हणजे ताशी १८० कि.मी., टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० व व्ही म्हणजे २४० ही त्याची वेगमर्यादा. ही मर्यादा योग्य हवा भरलेल्या निर्दोष टायरची आहे, ठिगळ लावलेल्या वा जुनाट टायरची नव्हे. त्याच बाजूवर चार अंकी आकडा असतो, त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी वर्षानुवर्षे उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे रबर कडक झालेले असते. वेगाने वळण घेताना टायर बाहेरच्या कडेवर कलतो व ती कड काही फेऱ्यांत सोलून निघते. दुकानात हवा भरताना आपण जी बाजू पाहतो ती ठीकच असते. झीज कडेला झालेली असते.

वळणाविषयी एक हिशेब पुरेसा आहे. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर चांगल्या टायरांची मोटार ताशी सुमारे ७० कि.मी. पर्यंत तग धरते. वेग केवळ एक-दशांशाने वाढविला तर लागणारी पकड एकवीस टक्क्यांनी वाढते, आणि ती शिल्लक नसते. अशा वेळी घाबरून चालक ॲक्सिलरेटरवरील पाय झटकन उचलतो. गाडीचा भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात व गाडी भोवऱ्यासारखी फिरते. रस्त्यावर सावधगिरीची ठरणारी ही सवय येथे घात करते. गाडी घसरू लागल्यास आपोआप सावरणारी यंत्रणा हल्लीच्या पुष्कळ मोटारींत असते. ती बटण दाबून बंद करण्याचा सल्ला अनुभवी म्हणविणारे देतात. नवख्याने तो ऐकू नये. लांब वळणात इंजिनाखालील ऑईलही एका बाजूस जाऊन पंप हवा ओढू लागतो व बेअरिंगे कोरडी पडतात. हा बिघाड लगेच दिसत नाही, पुढे महिन्याभराने खडखड ऐकू येते. विजेवरील मोटारी या तापातून मुक्त आहेत असे कोणी समजू नये. त्यांचे वजन अधिक, त्यामुळे ब्रेक व टायर यांवरील ताणही अधिक.

मार्ग बंदिस्त असला म्हणजे तो निर्धोक झाला, असे नाही. समोरून ट्रक येत नाही, गुरे आडवी येत नाहीत, हे खरे. पण ८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईजवळच्या मार्गावर राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतील अनुभवी चालक के. ई. कुमार यांच्या गाडीची दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली, ती मार्गाबाहेर जाऊन उलटली आणि त्यांचे निधन झाले. शर्यतीच्या गाडीत पोलादी पिंजरा असतो, चालकाच्या अंगावर आग न धरणारे कपडे असतात, जवळ डॉक्टर व रुग्णवाहिका सज्ज असते. घरच्या मोटारीत यांपैकी पिंजरा नसतो, कपडे साधे असतात. उलट स्टेपनी, जॅक, पाने आणि पाण्याची बाटली सुटी पडलेली असते. काही हौशी लोक शर्यतीचे चारपदरी पट्टे तेवढे विकत घेऊन बसवितात. पिंजऱ्यावाचून असे पट्टे बसविणे अधिक घातक होय, कारण गाडी उलटून छत दबले तर बांधलेले शरीर बाजूस झुकू शकत नाही. पाहणाऱ्यांनीही कठड्याला खेटून उभे राहू नये. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथील शर्यतीत एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे प्राणांस मुकली होती.

आता पैशाचा प्रश्न. खाजगी मोटारीच्या विम्याच्या प्रमाणित करारात वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. संघटित शर्यत, वेगचाचणी व विश्वासार्हता चाचणी यांसाठी गाडी वापरल्यास तो वापर करारात बसत नाही. विमा हप्ता वेळेवर भरला म्हणून दावा मिळेलच, ही समजूत येथे फसवी ठरते. पॉलिसीचे ते कलम स्वतः वाचावे, शंका असल्यास कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. मार्गावर प्रवेश देताना ज्या हमीपत्रावर सही घेतली जाते, तेही वाचल्याशिवाय सही करू नये. कठडा मोडला तर त्याची भरपाई कोणी करावयाची हे त्यातच लिहिलेले असते. गाडी कर्जाऊ घेतलेली असेल, तर ती भंगारात गेली तरी बँकेचे हप्ते चालूच राहतात. एका दुपारच्या हौसेसाठी कुटुंबाची कित्येक वर्षांची बचत पणाला लागते, ती अशी.

शर्यतमार्ग दूर आहे म्हणून इंदूर-उज्जैन रस्त्यावर पहाटे सराव करणे हा तर सरळ गुन्हा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ अन्वये राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे वा वेगाची चढाओढ करणे यासाठी, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद वा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या रस्त्याने उज्जैनला जाणारे यात्रेकरू, दूधवाले आणि शाळेची मुले त्याच पहाटे चालत असतात.

इतके समजून घेऊनही ज्यांना जावयाचे आहे त्यांनी जाण्यापूर्वी ब्रेक ऑईल बदलून घ्यावे, पॅडची जाडी पाहावी, चाकांचे नट कसावेत, गाडीतील सुट्या वस्तू काढून ठेवाव्यात व प्रमाणित हेल्मेट घालावे. निशाणांचा अर्थ पाठ असावा: पिवळे म्हणजे पुढे धोका, निळे म्हणजे मागून वेगवान गाडी, लाल म्हणजे थांबा. मुलांना वा मित्रांना शेजारी बसवू नये. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांहून अधिक चालवू नये, आणि शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश मारावी, म्हणजे वाऱ्याने डिस्क निवतात. गाडी उभी केल्यावर हातब्रेक ओढू नये. तापलेले भाग चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा.

परतीपूर्वीची तपासणी सर्वांत महत्त्वाची. फेऱ्या मारताना टायर तापून हवेचा दाब वाढतो, म्हणून पुष्कळ चालक तेथेच थोडी हवा सोडतात. संध्याकाळी टायर थंड झाले की तोच दाब धोकादायक रीतीने कमी झालेला असतो, आणि त्याच टायरांवर भरलेली गाडी रात्रभर महामार्गावर धावते. यास्तव टायर पूर्ण थंड होऊ द्यावेत, हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी पुन्हा भरावी, कडा हाताने चाचपून पाहाव्यात, नट पुन्हा कसावेत, इंजिन ऑईलची पातळी पाहावी. ब्रेकचे पेडल सकाळपेक्षा मऊ वा खोल लागले, अथवा टायरच्या कडेला तार दिसू लागली, तर उशीर कितीही झालेला असो, मुक्काम करावा आणि मेकॅनिकने पाहिल्याखेरीज ती गाडी रस्त्यावर आणू नये.