झाकण बसवलं की मुकी होणारी गिटार

इलेक्ट्रिक गिटारची वायरिंग घरच्या घरी बदलणाऱ्याच्या वाट्याला कधी ना कधी एक रात्र येतेच. नवे पिकअप बसवून झालेले असतात. झाकण उघडं ठेवून तार छेडली की अँप्लिफायरमधून खणखणीत सूर येतो. मग पिक-गार्ड जागेवर ठेवून अकराच्या अकरा स्क्रू आवळले जातात, आणि गिटार मुकी होते. स्क्रू काढले की पुन्हा बोलते.

दोष बहुतेक वेळा तांब्याच्या पट्टीपाशी सापडतो. खरखर-घूं कमी व्हावी म्हणून हौशी मंडळी गिटारच्या पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावतात आणि ती ग्राउंडला जोडतात. कल्पना उत्तम आहे. पण झाकण उघडं असताना मोकळा लटकणारा स्विच, ते बसवल्यावर पोकळीत खोल जातो आणि त्याचा एखादा पाय त्या पट्टीला टेकतो. कधी जॅकमध्ये पिन खुपसल्यावर जॅकची पाती बाजूला सरकते आणि तीच पट्टीला लागते. सिग्नलला थेट ग्राउंडची वाट मिळाली की तो अँप्लिफायरकडे जातच नाही. उपाय म्हणजे इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा. रात्र जाते ती दोष शोधण्यात.

ती वाचवता येते, कारण गिटारच्या पोटातलं सर्किट अगदी साधं आहे: दोन-तीन पिकअप, एक स्विच, व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे दोन-तीन पॉट, एक कपॅसिटर आणि जॅक. बिघाड यांपैकी कुठे आहे, ते गिटार बऱ्याचदा आवाजातूनच सांगते. तो आवाज ओळखता यायला हवा.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपवर केसाइतक्या बारीक तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. गिटारची पोलादी तार थरथरली की या वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये वीजदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिलेलं हेच ते विद्युतचुंबकीय प्रवर्तन. शंभर वर्षांनी, 1931 च्या सुमारास, लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशँप यांनी त्यावर गिटार वाजवून दाखवली आणि 1937 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. पिकअपमधून निघणारा वीजदाब व्होल्टच्या लहानशा अंशाएवढा असतो. म्हणून गिटारच्या आतल्या तारांना हात लावायला घाबरण्याचं कारण नाही.

गिटार बंद पडली की पहिला हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. तो आधी मल्टिमीटरकडे जायला हवा. गिटारला केबल लावायची, व्हॉल्यूम पूर्ण उघडायचा आणि केबलच्या दुसऱ्या पिनच्या टोकावर व तिच्या अंगावर मीटरच्या दोन सळ्या टेकवायच्या. स्ट्रॅटचा एक पिकअप साधारण सहा किलो-ओहम दाखवतो. दोन पिकअप एकत्र असलेल्या खटक्यावर आकडा निम्म्यावर, तीनच्या आसपास येतो. मीटर शून्य दाखवू लागला तर सिग्नल कुठेतरी ग्राउंडला टेकला आहे. आणि अडीचशे किलो-ओहमच्या आसपास आकडा आला, तर पिकअपची वाट तुटलेली आहे, मीटरला फक्त व्हॉल्यूमचा पॉट दिसतो आहे. झाकण न उघडता, पाच मिनिटांत एवढं कळतं. केबलमध्येच दोष नाही ना, हे अर्थातच त्याआधी दुसऱ्या केबलने पाहायचं.

तुटलेली वाट बहुधा सोल्डरच्या टाक्यापाशी सापडते. चांगला टाका चकाकतो आणि धातूवर पसरलेला असतो. कच्चा टाका मळकट, दाणेदार दिसतो आणि पाण्याच्या थेंबासारखा नुसता वर बसलेला असतो. पॉटच्या पाठीवर ग्राउंडची तार जोडताना हे हमखास होतं. नेहमीचं कथिल-शिशाचं सोल्डर 183 ते 190 अंश सेल्सिअसला वितळतं, पण पॉटचं पत्र्याचं कवच उष्णता शोषून घेतं. सोल्डरिंगची छोटी इस्त्री सोल्डर वितळवते, कवच मात्र थंडच राहतं. मग टाका वरवर जोडला जातो, गिटार महिनाभर वाजते आणि एखाद्या कार्यक्रमात हलवली की खरखरते. कवच आधी पॉलिश पेपरने घासावं, मोठ्या टोकाची जास्त वॉटची इस्त्री घ्यावी, आणि कवच तापल्यावर मगच त्यावर सोल्डर टेकवावं. हलक्या इस्त्रीने पॉट मिनिटभर भाजत राहण्यापेक्षा भारी इस्त्रीचे चार सेकंद त्याला मानवतात.

घुमण्याचं निदान बोटाने करता येतं. आपल्याकडची घरगुती वीज सेकंदाला 50 वेळा आवर्तन घेते, आणि एकेरी कॉइलचा पिकअप अँटेनासारखा ती घूं पकडतो. तारांवर हात ठेवल्यावर घूं कमी झाली तर जोडणी ठीक आहे: वादकाचं शरीर स्वतः ती गोळा करत होतं, ते आता ग्राउंड झालं. तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर घूं दबते, असं असेल तर ब्रिजखाली जाणारी ग्राउंडची तार सुटलेली आहे. आणि हात लावल्यावर घूं वाढली, तर जॅकवर दोन तारांची अदलाबदल झाली असण्याचा संशय आधी घ्यावा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. गिटारच्या तारा केबलमधून अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घूं थांबते म्हणून कुणी थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकत असेल, तर अँप्लिफायरमधल्या एका बिघाडाने त्याच तारांमध्ये घरची वीज उतरू शकते. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमधले कपॅसिटर तर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून ठेवतात. गिटार खुशाल उघडावी, अँप्लिफायर जाणकाराकडेच द्यावा.

सर्वात फसवा दोष आवाज न घालवता तो पातळ करतो. एकेक पिकअप वेगळा झकास वाजतो, दोन एकत्र केले की नाकात बोलल्यासारखा, बारीक सूर येतो. एकाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली जाते आणि खालचे सूर एकमेकांना खोडतात. कारणं दोन: एका पिकअपच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या, किंवा त्याचा चुंबक उलटा आहे. ज्या स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप मुद्दाम उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असतो, तिथे जोडीच्या खटक्यावर घूं नाहीशी व्हायला हवी. सूर पातळ झाला आणि घूंही वाढली, तर दोष तारांचा. टेलिकास्टरच्या गळ्याजवळच्या पिकअपची गोष्ट वेगळी. त्याचं धातूचं टोपण ग्राउंडच्या तारेला जोडलेलं असतं. सरळ अदलाबदल केली की टोपणच सिग्नलच्या वाटेत येतं आणि बोट लागताच कर्कश घुमतं. आधी टोपणाची जोडणी सोडवून तिला वेगळी ग्राउंडची तार द्यावी लागते.

पातळ सुराचा हाच दोष एका गिटारची ओळख झाला. फ्लीटवुड मॅकचे संस्थापक पीटर ग्रीन यांच्या 1959 च्या गिब्सन लेस पॉलमध्ये गळ्याजवळच्या पिकअपचा चुंबक उलटा होता. स्विच मध्यावर ठेवला की पोकळ, रडवेला सूर निघे, आणि ब्लूज ऐकणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. ‘ग्रीनी’ या नावाने ओळखली जाणारी ही गिटार पुढे गॅरी मूर यांच्याकडे गेली, आज ती मेटॅलिकाच्या कर्क हॅमेट यांच्याकडे आहे. कित्येक जण आता पैसे मोजून आपल्या गिटारचा चुंबक उलटा करून घेतात.

पॉटची चूक मात्र दुकानातच होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत नुसता ‘अडीचशे केचा पॉट’ मागितला, तर बी250के हातात पडू शकतो. तो लिनिअर असतो. आपला कान आवाजाचा मोठेपणा गुणाकाराच्या पायऱ्यांनी मोजतो, म्हणून लिनिअर पॉटवर बटण बराच वेळ फिरवूनही आवाज तसाच वाटतो आणि शेवटच्या टप्प्यात धाडकन पडतो. व्हॉल्यूमला ए250के मागावा. टोनच्या कपॅसिटरवर 473 लिहिलेलं असेल तर तो 0.047 मायक्रोफॅरडचा, 223 म्हणजे 0.022 चा. चुकून 475 बसला तर तो शंभरपट मोठा, आणि टोन थोडा कमी करताच सूर चिखलात रुतल्यासारखा येतो.

घरगुती वायरिंगचा सर्वात देखणा नमुना लंडनजवळच्या एका घरात तयार झाला. पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी यांच्या ‘क्वीन’ बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी 1963 मध्ये वडिलांच्या, हॅरॉल्ड यांच्या मदतीने गिटार बनवायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. शेकोटीच्या जुन्या चौकटीचं लाकूड, मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आणि तीन पिकअपना सहा स्विच: तीन चालू-बंद करायला, तीन फेज, म्हणजे लाटेची दिशा, उलटवायला. पीटर ग्रीन यांच्याकडे अपघाताने आलेला तो नाकातला सूर इथे बोटाच्या टोकाशी होता. ब्रायन यांनी पिकअपही आधी घरीच बनवले होते, पण तार खेचून सूर चढवताना नको तो आवाज येऊ लागला, तेव्हा त्यांनी बर्न्स कंपनीचे तयार पिकअप घेतले. मोठ्या आवाजात या पिकअपचे वेढे थरथरून शिट्टी घालण्याची भीती होती. ब्रायन यांनी पिकअपमध्ये अरल्डाइट ओतलं आणि वेढे जागच्या जागी घट्ट केले. जून 2002 मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभं राहून त्यांनी ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजवलं, ते याच गिटारवर.