जुनी मारुती घेताना : बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याचा हिशेब

आठवडी बाजार करणाऱ्या कापडवाल्याला दुकानाच्या आधी गाडी लागते. कवठे महांकाळचा व्यापारी इचलकरंजीहून माल आणतो आणि तो तालुक्यातल्या खेड्यांत, तसाच शेजारच्या जत, आटपाडी, तासगाव, मिरज तालुक्यांतल्या बाजारांत नेऊन विकतो. एस.टी.च्या टपावर गठ्ठे टाकून बाजार गाठण्याचे दिवस गेले. भाड्याचा टेंपो केला तर मंदीच्या दिवसांत नफा भाड्यातच जातो. नवी गाडी घ्यावी तर हप्ते, आणि हप्त्याबरोबर व्याज. आपल्यापैकी पुष्कळांना ते व्याज नको असते. म्हणून नजर जाते ती रोखीने मिळणाऱ्या जुन्या मारुतीकडे. आठशे असो की व्हॅन, लाखाच्या आत-बाहेर व्यवहार होतो, मेस्त्री गावोगाव आहेत आणि सुटे भाग अजून मिळतात.

गाडी स्वस्त मिळते हे खरे. पण तिच्यावर पुढे काय खर्च करायचा आणि काय अजिबात करायचे नाही, हा हिशेब आधी केला पाहिजे. तो न केल्यास एका अपघातात दुकानाचे सगळे भांडवल जाऊ शकते. त्यासाठीच हा लेख.

मागवाल्यांची मोटार

कापडवाल्यांना एक गोष्ट ऐकून आनंद होईल. ही गाडी मुळात आपल्याच धंद्यातून आलेली आहे. जपानमधल्या हामामात्सू गावी मिचिओ सुझुकी नावाच्या कारागिराने १९०९ साली माग बनवण्याचा कारखाना काढला. तरुणपणी त्याने सुतारकामाची उमेदवारी केली होती. कित्येक वर्षे सुझुकी हे नाव मागासाठीच ओळखले जात होते. या कंपनीची पहिली मोटार आली १९५५ साली. टोयोटाची कहाणीही अशीच आहे. तिचा पाया साकिची टोयोदा यांच्या स्वयंचलित मागाने घातला. आपल्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, म्हणजे सुझुकीच्या कारखान्याच्याही आधी.

सुझुकीने १९७९ साली 'आल्टो' ही छोटी गाडी काढली. किंमत होती ४ लाख ७० हजार येन, जपानच्या मानाने फारच कमी. ही किंमत कशी बसवली ते व्यापाऱ्याने समजून घ्यावे. जपानमध्ये प्रवासी मोटारीवर कर होता, मालवाहू छोट्या गाडीवर तो नव्हता. सुझुकीने आल्टोची नोंद मालवाहू म्हणून केली, मागची सीट नावापुरती ठेवली आणि गाडी घरगुती वापरासाठी खपवली. कायदा आधी वाचला, त्यात बसेल अशी गाडी मग बनवली.

मारुती उद्योग आणि सुझुकी यांचा करार १९८२ साली झाला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती आठशेची किल्ली दिली गेली. तेव्हा किंमत होती सुमारे साडेसत्तेचाळीस हजार रुपये. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे तेच इंजिन १९८४ साली आलेल्या व्हॅनमध्येही होते. हीच व्हॅन पुढे ओमनी झाली. आठशेचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले, ओमनीचे २०१९ मध्ये. म्हणजे आज बाजारात जी आठशे मिळते ती दहा वर्षांहून जुनीच असते, आणि स्वस्तातली बहुधा पंधरा वर्षे ओलांडलेली.

आधी कागद, मग इंजिन

आपण कापड घेताना आधी उजेडात धरतो, मग भाव विचारतो. गाडीचा उजेड म्हणजे तिचे कागद. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. नंबर खरवडलेला वाटला तर चहा पिऊन परत यावे. सरकारच्या वाहन पोर्टलवर विमा, पासिंग आणि कर्जाचा बोजा दिसतो, दंडाची थकबाकी ई-चलनाच्या पोर्टलवर समजते. बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सर्वांत मोठा धोका आहे तो नावावर न केलेल्या गाडीचा. टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या घ्यायच्या, गाडी चालवायची आणि पुढच्याला तशीच विकायची, ही रीत सर्रास आहे. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत (गाडी परराज्यात गेल्यास ४५ दिवसांत) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. त्यातली गाडी अपघाताआधी अनेक हातांतून गेली होती, पण आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याच मालकाचे होते. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच टाकली. म्हणून विकणाऱ्यानेही सावध राहावे. पैसे मिळाले म्हणजे सुटलो, असे होत नाही.

विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज द्यावा. निदान तिसऱ्या पक्षाचा विमा नसलेली गाडी एक दिवससुद्धा रस्त्यावर आणू नये.

पंधरा वर्षे झालेल्या गाडीचे पासिंग पुन्हा करावे लागते आणि ते पाच वर्षे चालते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ५ हजार रुपये झाली. वीस वर्षांवरील गाडीसाठी ती २०२५ मध्ये १० हजारांवर नेली. पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबरप्लेटही बसवावी लागते. हा खर्च सौदा करतानाच किमतीतून वजा धरावा.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त सांगितल्या जातात. पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना दिल्ली परिसरात चालवण्यास २०१८ साली मनाई झाल्यावर तिकडचा माल बाहेर येऊ लागला. अशा गाडीला तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला, इकडचा कर आणि इकडचा नंबर, हे तिन्ही लागते. ते जमेस धरले की स्वस्ताई किती उरते ते पाहावे.

गाडी पाहण्याची रीत

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर त्यामागे कारण असू शकते. सुरू करताच निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरल्याची शंका घ्यावी, हेड गॅस्केट गेलेले असू शकते. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला हे मालकाला सांगता आले नाही, तर तो बदलायचाच आहे असे समजून चालावे.

इंजिनापेक्षा पत्रा महत्त्वाचा. इंजिनाचे काम होते, सडलेल्या चासीचे होत नाही. पायाखालची मॅटिंग उचलावी, दाराखालची पट्टी आणि जॅक लावायची जागा टोकरून पाहावी. एक छोटा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी भरून वर रंग मारला आहे. व्हॅनच्या मागच्या पाट्यांत तडा आहे का, सरकते दार नीट बसते का, हेही पाहावे.

आता इथेनॉलविषयी. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या साखर कारखान्यांना त्याचा फायदा आहे, पण कार्बोरेटरच्या जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या या पेट्रोलासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, चिरतात. व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. तिथे पेट्रोल गळले आणि मागे कापडाचे गठ्ठे असले तर काय होईल ते सांगायला नको. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात सर्व पेट्रोल नळ्या आणि क्लिपा बदलाव्यात. आग विझवण्याचा छोटा सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताशी ठेवावा.

फेरबदल कोणते करावे

सीट मागे दुमडून त्यावर मापात कापलेला प्लायवुड टाकावा, वर रेक्झिन. काम झाले की काढून ठेवता येतो, म्हणून गाडीच्या नोंदीत बदल होत नाही. सीट कायमच्या उपटून टाकल्या तर आरसी बुकावरची आसनसंख्या खोटी ठरते. ड्रायव्हरच्या मागे मजबूत जाळी किंवा पट्टे लावावेत, नाहीतर जोराचा ब्रेक लागताच तागे मानेवर येतात. उन्हात कापडाचा रंग उतरतो, त्यासाठी गठ्ठ्यांवर जुनी चादर पुरते. काचांना काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली.

संध्याकाळच्या बाजारात दिवा लागतो. एलईडी पट्टीला वीज थोडी लागते. पण वायर बॅटरीवरून थेट न ओढता मध्ये फ्यूज घालून ओढावी आणि दोन पैसे जास्त देऊन चांगल्या वायरमनकडून काम करून घ्यावे.

वजनाचा हिशेब सोपा आहे. पाच सीटची व्हॅन माणशी ६५ किलो धरली तर ३२५ किलोची झाली. दोन माणसे बसली की मालाला राहिले सुमारे १९५ किलो. अर्ध्या किलोची साडी धरली तर पावणेचारशे-चारशे नग. चादरी आणि सतरंज्या असतील तर नग बरेच कमी. एक जास्तीचा पाटा टाकून गाडी खाली बसत नाही, पण ब्रेक आणि टायर तेच राहतात. टपावर कॅरियर लावून गठ्ठे रचले की उंच, अरुंद गाडी वळणावर कलते. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आता बराचसा चौपदरी झाला आहे. ट्रेलरच्या वाऱ्याने हलकी व्हॅन हलते, आणि तिच्या पुढे बॉनेटही नाही. वेग बेताचा ठेवावा, पट्टा लावावा.

जे करूच नये

पहिले, घरगुती गॅसची टाकी. मोटारीत गॅस वापरण्याची परवानगी २००० साली मिळाली, पण ती मान्यताप्राप्त किट, मोटारीसाठीचीच टाकी आणि आरसी बुकावर नोंद असेल तरच. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून गॅस भरणे गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे.

दुसरे, गाडीचा मूळ ढाचा बदलणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेला विसंगत बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केले. रंग बदलणे किंवा किरकोळ जोडण्या चालतात, त्याच प्रकारचे दुसरे इंजिनही आरटीओच्या पूर्वपरवानगीने बसवता येते. छप्पर कापून टेंपो करणे चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलास दर फेरबदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावचे कारागीर दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये झाल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण त्याच वेळी सांगितले की ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील. त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिली. कारागिरीला दाद मिळाली, पण रस्त्यावर चालायला नियमात बसणारी गाडीच लागली. सगळ्यांच्या नशिबी असा उदार माणूस येत नाही.

तिसरी गोष्ट पांढऱ्या नंबरप्लेटची. कायद्याच्या व्याख्येत जी गाडी माल वाहण्यासाठी वापरली जाते ती मालवाहूच धरली जाते, मग ती मुळात कशीही बनवलेली असो. घरगुती गाडीतून रोज व्यापारी माल नेताना अपघात झाला तर विमा कंपनी नेमका हाच मुद्दा काढू शकते. ज्याला आठवड्यातून चार बाजार करायचे आहेत त्याने मालवाहू म्हणून नोंदलेली कार्गो व्हॅनच शोधावी. तिला फिटनेस आणि मालवाहू विमा लागतो. मात्र एकूण वजन ३ हजार किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला कायद्याने परमिटची गरज नाही. सुझुकीने जपानमध्ये नोंदीचा विचार गाडी काढण्याआधी केला होता, आपण तो गाडी घेण्याआधी करावा.

शेवटी पैशाचा हिशेब. एक लाख हातात असतील तर साठ-पासष्ट हजारांचीच गाडी पाहावी. बाकीचे पैसे नावावर करणे, विमा, पासिंग, टायर, बेल्ट आणि नळ्या यांना लागतात. पुढे कधी ती विकायची वेळ आली तर ऐब सांगून विकावी आणि आपले नाव आरटीओच्या दप्तरातून उतरल्याची खात्री करून घ्यावी. गाडी गेली तरी दप्तरात नाव राहिले, तर तिचा अपघातही आपल्याच खात्यावर येतो.