खंगलेल्या तट्टाला धान्य नव्हे, आधी वैरण



पाऊस तोंडावर आला की कोकणात उतरलेले मेंढपाळ घाट चढून परत येतात. पारनेर तालुक्यातील ढवळपुरी परिसरातील धनगर कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन निघतात आणि जूनच्या आगेमागे परततात. शासनाच्या यादीत हा समाज भटक्या जमातीत मोडतो. आपले काम ज्या आदिवासी वस्त्यांवर चालते, त्यांच्या शेजारच्या माळांवर यांचे वाडे पडतात. भांडी, अंथरूण, कोंबड्या, नवी जन्मलेली कोकरे आणि कधी लहान लेकरूही भीमथडी तट्टाच्या पाठीवर असते. तट्टू गेले तर हे ओझे घरच्या बाईच्या डोक्यावर येते.

गेल्या काळात आमच्याच हातून एक चूक झाली, ती आधी सांगतो. एका वाड्यावर बरगड्या निघालेली घोडी पाहून आम्हाला कळवळा आला. आम्ही तिच्यापुढे भिजवलेल्या हरभऱ्याची पाटी ठेवली आणि वर मंडळीच्या जेवणातला उरलेला भातही दिला. रात्री ती पोट धरून लोळू लागली. पहाटे ती मेली. दया खरी होती, पण ज्ञान नव्हते. भिंगारच्या काही सभासदांनी यंदा जनावरांसाठी धान्य देण्याची इच्छा दाखवली आहे, म्हणून हा लेख.

असे का होते?

घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला उलटी करता येत नाही. एकदम पडलेले धान्य आत आंबते, वायू धरतो आणि पोटशूळ उठतो. दुसरा धोका दिसत नाही. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या जनावराला पिष्टमय खुराक दिला की रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढले जातात. मग काही दिवसांतच हृदय बंद पडू शकते. खाऊ लागले म्हणजे वाचले, असे समजू नये.

आधी कारण शोधा

पोटभर वैरण असूनही तट्टू खंगत असेल तर दात पाहावेत. दाढांच्या कडा धारदार झाल्या की ते अर्धवट चावलेल्या घासाचे बोळे टाकते. लीद तपासून जंत आहेत का ते कळते, पण फार अशक्त जनावराला जंताचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे. ताप येऊन-जाऊन वाळत चालले असेल तर चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा असू शकतो. त्याला रक्ततपासणी लागते. पाठीवर ओझ्याचे घाव आहेत का, हेही पाहावे.

वजनासाठी काटा लागत नाही. पुढच्या पायांमागून छातीचा घेर व खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ११,९०० ने भागा. घेर १३५ व लांबी १३० असेल तर वजन सुमारे २०० किलो भरते. दर पंधरा दिवसांनी मोजून लिहून ठेवा. केसांमुळे डोळा फसतो, म्हणून बरगड्यांवरून हातही फिरवा.

पहिले दहा दिवस

अगदी हाडांचा सापळा झालेल्या २०० किलोच्या तट्टाला पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे २०० ग्रॅम वाळलेला लसूणघास द्यावा. त्यात प्रथिने भरपूर आणि पिष्ट कमी असते. नंतर घास वाढवत आणि वेळा कमी करत सहाव्या दिवसापर्यंत दिवसातून तीनदा पाऊण-पाऊण किलोवर यावे. दहाव्या दिवसानंतर पोटभर वैरण द्यावी. स्वच्छ पाणी व मिठाचा खडा कायम समोर असावा. धान्य, गूळ, भाकरी, भात काहीही नको.

पुढचे महिने

आता कडबाकुट्टी व लसूणघास मिळून रोज चार ते पाच किलो कोरडी वैरण लागते. बुरशी आलेला कडबा देऊ नये. भिजवलेला हरभरा मूठभरापासून सुरू करावा, दर काही दिवसांनी थोडा वाढवावा आणि दिवसाचा वाटा दोन-तीन वेळांत विभागून द्यावा. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर ठेवू नये. त्यात फॉस्फरस जास्त व कॅल्शियम कमी असल्याने हाडे ठिसूळ होतात. खूर गरम लागले किंवा तट्टू पाय टेकताना कचरू लागले तर खुराक थांबवून डॉक्टरांना बोलवावे.

खाण्याने चरबी येते. स्नायूंना प्रथिने तर हवीतच, पण चालही हवी. अंगात थोडे बळ आले की रिकाम्या पाठीने सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे चालवावे, मग वेळ वाढवावा आणि शेवटी हलका चढ घ्यावा. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरेपर्यंत ओझे नको. नाहीतर खोगीर थेट हाडावर बसते. पूर्ण सावरायला तीन ते पाच महिने लागतात. म्हणजे जूनमध्ये उपचार सुरू केला तर दिवाळीच्या वाटेला तट्टू तयार होते. हा वेळ हातचा जाऊ देऊ नये.

आपण काय करू शकतो?

धान्याच्या पोत्याऐवजी लसूणघास व कडब्यासाठी देणगी द्यावी. आजारी जनावर दिसले तर १९६२ या क्रमांकावर फोन करून शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला कळवावे. सणाचे उरलेले जेवण वाड्यावर माणसांसाठी न्यावे, तट्टापुढे ओतू नये.

नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान माणसाची ओळख जनावराच्या जिवाची काळजी घेण्यावरून दिली आहे. एलीया झुडपाखाली थकून पडला तेव्हा देवदूताने त्याला एकदा खाऊ घातले, निजू दिले आणि मग पुन्हा खाऊ घातले. लांबची वाट त्यानंतर सुरू झाली. आपलीही मदत अशीच धीराची असो. वाटेवरच्या कुटुंबांना व त्यांच्या जनावरांना प्रार्थनेत आठवा.