नवे कानातले

मराठी घरात ‘कानातले’ म्हटले की पूर्वी कुड्या, झुबे, बाळ्या, फार तर एखाद्या हौशी गृहस्थाची भिकबाळी डोळ्यांपुढे उभी राही. आता कानात आणखी एक वस्तू येऊन बसली आहे. पहाटे दिल्लीच्या लोदी उद्यानात फेऱ्या घालणारे सेवानिवृत्त गृहस्थ, मुंबईच्या लोकलमध्ये खांबाला टेकून उभी असलेली तरुणी, इंदूरच्या व्यायामशाळेत घाम गाळणारा विद्यार्थी, या सर्वांच्या कानांत ती दिसते. इअरफोन हे तिचे नाव. पण दागिन्याच्या खरेदीत आणि या नव्या कानातल्याच्या खरेदीत एक मोठा फरक आहे. कुडी घेताना वजन पाहतात, फिरकी घट्ट बसते की नाही ते पाहतात आणि मुख्य म्हणजे ती कानाला लावून पाहतात. इअरफोन घेताना मात्र खोक्यावरचे चित्र आणि किमतीवरची सूट एवढेच बहुधा पाहिले जाते. कान कोणाचा, तो किती मोठा आणि तो इअरफोन कोठे वापरायचा, हे प्रश्न खरेदी होऊन गेल्यावर सुचतात.

बाजारात ही वस्तू दोनशे रुपयांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत मिळते. मध्यम मिळकतीच्या माणसाला व्यायामासाठी आणि प्रवासासाठी एकच इअरफोन घ्यावयाचा असेल, तर त्याने काय पाहावे? या प्रश्नाचे उत्तर ध्वनीच्या आणि कानाच्या साध्या गुणधर्मांत दडलेले आहे.

इअरफोनचे अंतरंग मुळीच गूढ नाही. एक लहानसे चुंबक, त्यालगत तारेचे बारीक वेटोळे आणि वेटोळ्याला जोडलेला पातळ पडदा, एवढाच त्याचा मुख्य संसार. वेटोळ्यातून विजेचा बदलता प्रवाह गेला की पडदा थरथरतो आणि त्या थरथरीने हवेत ध्वनिलहरी उठतात. घरातल्या रेडिओचा कर्णाही याच तत्त्वावर बोलतो. अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाने १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात डोक्यावर घालावयाची श्रवणसाधने तयार केली आणि ती तेथील आरमाराने विकत घेतली. तेव्हापासून यंत्र लहान होत होत कर्णनलिकेच्या तोंडाशी आले. रेडिओच्या कर्ण्याला सारी खोली आवाजाने भरावी लागते. इअरफोनला मात्र जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीची नलिका भरावयाची असते. त्यामुळे थोड्या शक्तीत आणि थोड्या खर्चात पुष्कळ काम होते. स्वस्त इअरफोन चांगला असू शकतो, याचे कारण हे आहे.

पण ती चिमुकली नलिका नीट बंद झाली पाहिजे. इअरफोनच्या टोकाची रबरासारखी मऊ टोपी कानात सैल बसली, तर खालच्या पट्टीतील स्वर फटीतून निसटून जातात. तबल्याचे बोल ऐकू येतात, पण डग्ग्याचा घुमारा हरवतो. गायकाचा आवाज येतो, पण तंबोऱ्याचा खर्ज लागत नाही. ऐकणाऱ्याला वाटते की यंत्रच हलके आहे. मग तो आवाज वाढवतो, किंवा दुप्पट किमतीचे दुसरे यंत्र आणतो. वास्तविक दोष टोपीच्या मापात असतो. बहुतेक खोक्यांत लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन मापांच्या टोप्या असतात. त्यांपैकी मधली आधीच बसवलेली असते आणि उरलेल्या दोन जोड्या खोक्यासह टेबलाच्या खणात पडून राहतात. त्या काढून पाहाव्यात. एकाच माणसाचे दोन कान सारख्या मापाचे असतीलच असे नाही, म्हणून डाव्या आणि उजव्या कानाची निवड वेगवेगळी करावी. इअरफोन घालून मान हलवावी, जांभई द्यावी, काहीतरी चघळून पाहावे. एवढे करूनही तो जागचा हलला नाही आणि डग्गा भरीव वाजला, तर माप जमले असे समजावे. सिलिकोनची टोपी कानाला रुचत नसेल, तर फोमची मिळते. ती बोटांनी दाबून कानात घातली की आपोआप फुगून बसते. तिची किंमत थोडी असते, पण तिच्यामुळे पडणारा फरक पुष्कळदा यंत्र बदलण्याहून मोठा असतो.

येथे मात्र एक पेच उभा राहतो. व्यायामाची गरज आणि प्रवासाची गरज एकमेकींच्या उलट आहेत. प्रवासात कान जितका बंद, तितका चांगला. रस्त्यावरच्या व्यायामात कान जितका उघडा, तितका चांगला.

रस्त्यावर धावणाऱ्याचे कान हे त्याचे पाठीमागचे डोळे असतात. मागून येणारी मोटार, वळणावरचा सायकलस्वार, भुंकत येणारा कुत्रा यांची वर्दी प्रथम कानाला मिळते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गावर इअरफोन घालून रूळ ओलांडताना माणसे गाडीखाली सापडली आहेत. त्यांना शिट्टी ऐकू गेली नाही. कान घट्ट बंद करणारा इअरफोन म्हणूनच बंदिस्त जागेत, म्हणजे व्यायामशाळेत, गच्चीवर किंवा घरातल्या चालण्याच्या यंत्रावर वापरावा. रस्त्यावर एकाच कानात घालावा, किंवा बाहेरचे आवाज आत सोडण्याची सोय ज्यात आहे असा घ्यावा. ज्याचा सारा व्यायाम रहदारीतच होतो, त्याने कर्णनलिका मोकळी ठेवणारा, कानाबाहेर टेकणारा प्रकार निवडणे अधिक शहाणपणाचे. रूळ किंवा रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे असावेत. तेथे कोणत्याही यंत्राची भलावण चालत नाही.

बंद कानाचा व्यायामात आणखी एक त्रास असतो. दोन्ही कानांत बोटे घालून चार पावले चालून पाहिले, की तो कळतो. स्वतःचेच पाऊल डोक्यात धपधप वाजू लागते, कारण हाडांतून आलेला आवाज बंद नलिकेत कोंडतो. तार असलेल्या इअरफोनमध्ये तार कपड्यावर घासल्याची खसखस त्यात भर घालते. तार कानामागून वळवून घेतली आणि शर्टाला चिमट्याने अडकवली, की ती बरीच कमी होते.

व्यायाम करणाऱ्याचा दुसरा शत्रू म्हणजे घाम. खोक्यावर ‘आयपी’ या अक्षरांनंतर दोन खुणा असतात. पहिली धुळीविषयी सांगते, दुसरी पाण्याविषयी. पहिल्या खुणेच्या जागी ‘एक्स’ असले, तर धुळीची परीक्षा नोंदलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. पाण्यासाठी ४ हा अंक चारी बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसण्याची ग्वाही देतो, ५ पाण्याचा फवारा सोसण्याची आणि ७ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरण्याची. साध्या व्यायामाला ४ पुरतो. ज्यांना घामाच्या धारा लागतात किंवा जे कोकणच्या पावसात धावतात, त्यांनी ५ पाहावा. पण या परीक्षा गोड्या पाण्याच्या असतात आणि घाम खारट असतो. म्हणून व्यायामानंतर इअरफोन मऊ फडक्याने पुसून कोरडा झाल्यावरच डबीत ठेवावा. ओला इअरफोन डबीत ठेवला, की विजेचे बारीक संपर्कबिंदू गंजतात. शिवाय आतल्या इअरफोनला लागू असलेली ग्वाही डबीला बहुधा लागू नसते.

आता प्रवास. झेलम एक्स्प्रेसने पुण्याहून दिल्लीला निघालेला माणूस एक संबंध दिवसाहून अधिक काळ गाडीत असतो. चाकांची घरघर, पंख्यांचा आवाज, शेजारच्या बाकावरची चर्चा या सर्वांवर मात करण्यासाठी तो गाण्याचा आवाज एक एक पायरी चढवत नेतो. गोंगाट आणि गाणे यांच्या या चढाओढीत खरी हानी कानाची होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकानुसार प्रौढ माणसाने आठवड्यात ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. डेसिबलचा हिशेब मात्र साध्या बेरजेचा नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला केवळ अडीच तास. धावत्या गाडीचा गोंगाट पुष्कळदा ८० डेसिबलच्या घरात असतो. त्याच्या वर गाणे चढवणाऱ्याचा आठवड्याचा शिधा इटारसी येण्यापूर्वीच संपलेला असू शकतो.

यावर उपाय गाणे वाढवणे नव्हे. गोंगाट कमी करणे हा आहे. तो दोन प्रकारांनी होतो. पहिला म्हणजे नीट बसणारी टोपी. दार लावले की रस्त्यावरचा आवाज कमी होतो, तसे हे आहे. दुसरा प्रकार यांत्रिक आहे. इअरफोनमधला सूक्ष्म ध्वनिग्राहक बाहेरचा गोंगाट टिपतो आणि यंत्र त्याच्या बरोबर उलट लहर निर्माण करते; चढाला उतार भेटला की दोन्ही एकमेकांना पुसून टाकतात. या कल्पनेचे एकस्व जर्मनीच्या पाउल ल्यूग यांना १९३६ मध्ये अमेरिकेत मिळाले होते. पुढे १९७८ मध्ये भारतीय वंशाचे अमेरिकन अभियंते अमर बोस यांनी विमानप्रवासातील घरघरीला कंटाळून याच दिशेने काम सुरू केले आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असे साधन बाजारात आणले. आज ही सोय दोन-तीन हजारांच्या आतही मिळते. परंतु तिची मर्यादा ओळखावी. विमानाची किंवा रेल्वेची एकसुरी घरघर ती चांगली शमवते. स्टेशनातल्या चहावाल्याची आरोळी किंवा शेजारच्या बाळाचे रडणे तिला तितकेसे आवरत नाही.

येथे खोक्यावरच्या भाषेने फसण्याची एक जागा आहे. ‘एएनसी’ या अक्षरांनी दर्शवलेली सोय ऐकणाऱ्याच्या कानातला गोंगाट कमी करते. ‘ईएनसी’ ही अक्षरे मात्र दूरध्वनीवर बोलताना पलीकडच्या माणसाला जाणारा गोंगाट कमी करण्याविषयी असतात. एका अक्षराच्या फरकाने गिऱ्हाईक स्वतःसाठी घेतलेली शांतता दुसऱ्याला देऊन बसते. तीच गोष्ट पडद्याच्या मिलिमीटरांची आणि ब्लूटूथच्या आवृत्तीची. मोठा पडदा म्हणजे सुरेल आवाज नव्हे आणि आवृत्तीचा अंक वाढल्याने गाणे गोड होत नाही. ‘चाळीस तास’ असे लिहिलेले असले, तर ते बहुधा डबीतून पुनःपुन्हा भरलेल्या विजेसह असतात; एका बैठकीत किती तास, हा आकडा निराळा शोधावा.

तारेचा घ्यावा की बिनतारी? तारेच्या इअरफोनला वीज भरावी लागत नाही, तो पाचशे ते हजार रुपयांत चांगला मिळतो आणि जपून वापरला तर पुष्कळ वर्षे चालतो. मात्र अनेक नव्या मोबाईलना त्याचे गोल छिद्र उरलेले नाही, हे आधी पाहावे. बिनतारी सुट्या जोडीत हालचालीला मोकळीक असते. पण तिच्यातील लिथियमची बॅटरी काही शे वेळा भरल्यानंतर क्षीण होऊ लागते आणि ती बहुधा बदलता येत नाही. शिवाय गर्दीच्या फलाटावर एक नग निसटून रुळांत गेला, की उरलेला निम्म्याच उपयोगाचा. अशा प्रवाशाला गळ्यात अडकणारा नेकबँड हा मधला मार्ग सोयीचा वाटतो. कानातून पडला तरी तो गळ्यातच राहतो.

खरेदी करताना कायद्याने दिलेले संरक्षणही पाहावे. बिनतारी इअरफोनवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. पावती जपून ठेवावी. दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. कानाच्या आरोग्यासाठी टोप्या अधूनमधून काढून धुवाव्यात, आणि कानातली वस्तू दुसऱ्याला वापरावयास देऊ नये.

शेवटी एक सोपी कसोटी. रात्री घर निजल्यावर शांत खोलीत इअरफोन घालावा आणि गाणे सुखाने ऐकू येईल इतकाच आवाज ठेवून त्याच्या पायऱ्या मोजाव्यात. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर त्याहून एक-दोन पायऱ्या वाढवून भागले, तर निवड बरोबर ठरली, मग किंमत काहीही असो. चार-पाच वाढवाव्या लागल्या, तर टोपी बदलावी. तरीही भागले नाही, तर यंत्र बदलावे. पण आवाज चढवत नेऊ नये.

कारण कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या पोकळीत, सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीचे रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संदेशात त्याच करतात. अति आवाजाने त्या मरतात आणि माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. ही झीज दुखत नाही, म्हणून कळत नाही. प्रथम दूरच्या पक्ष्याचा बारीक आवाज जातो, मग गर्दीतले बोलणे अस्पष्ट होते, आणि एके दिवशी नातवंडाला ‘पुन्हा सांग’ म्हणावे लागते. जगात १२ ते ३५ वर्षे वयाच्या शंभर कोटींहून अधिक लोकांना असुरक्षित ऐकण्यामुळे हा धोका आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

सोनारानेच कान टोचावे, अशी म्हण आहे. कान ही जपून हाताळावयाची वस्तू आहे, हे तिच्यात गृहीत धरलेले आहे. जुने कानातले मोडून नवे घडवता येते. नवे कानातलेही बिघडले तर हजार रुपयांत दुसरे येते. ज्या कानात ते घालावयाचे, तो मात्र जन्मात एकदाच मिळतो. म्हणून किंमत इअरफोनची पाहावी, पण माप कानाचेच घ्यावे.